क्लॅरिओनेट : वरातीपुढचे वाद्य आणि त्याची निगा

माळव्यात लग्नसराई सुरू झाली की, धार काय किंवा देवास काय, सायंकाळच्या वेळी गावातील रस्त्यांतून वराती निघू लागतात. ढोल-ताशांचा गजर चाललेला असतो, पितळी कर्णे निनादत असतात, आणि ह्या साऱ्या कोलाहलावर तरंगत एका काळ्या नळीचा रसाळ स्वर पुढे पुढे जात असतो. नवरदेवाकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. त्या नळीत आपला श्वास ओतणाऱ्या माणसाकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते. त्याच्या हातातील वाद्याचे नावही पुष्कळांस सांगता येत नाही. कोणी त्यास सनई म्हणतात, कोणी नुसताच ‘बाजा’ म्हणून मोकळे होतात. ते वाद्य म्हणजे क्लॅरिओनेट होय.

ह्या वाद्याविषयी चार शब्द लिहावयाचे, ते दोन कारणांसाठी. मुलाच्या हाती हे वाद्य द्यावे की न द्यावे, असा प्रश्न काही आईबापांच्या मनात घोळत असतो. ‘उद्या पोरगा बँडवाला झाला तर?’ ही शंका त्यामागे दडलेली असते. दुसरे कारण असे की, आजोबांनी किंवा वडिलांनी वाजविलेले वाद्य घरातील कपाटात पडून असते. आणि आपल्या माळव्याच्या हवेत पडून राहिलेले लाकडी वाद्य फार दिवस धड राहत नाही. तेव्हा वाद्य कसे आहे, ते शिकावे कसे आणि राखावे कसे, हे क्रमाने पाहू.

वाद्याचे कूळ

क्लॅरिओनेटचा जन्म जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरी इ. स. १७०० च्या सुमारास झाला. योहान ख्रिस्टोफ डेनर नावाच्या वाद्यकारागिराला ह्या शोधाचे श्रेय दिले जाते. त्यापूर्वी ‘शालुमो’ नावाची एक लहानशी पत्तीची नळी प्रचारात होती. तिचे सूर गोड, पण थोडे. डेनर याने तिला वरच्या अंगास एक चावी बसविली आणि त्या चावीसरशी वाद्याचा आवाका एकदम वाढला. पुढे मोत्सार्टसारख्या थोर संगीतकाराला ह्या वाद्याने मोहिनी घातली. १७९१ साली, मृत्यूपूर्वी थोडेच महिने, त्याने आपला मित्र आंतोन श्टाडलर याच्यासाठी क्लॅरिओनेटची जी कॉन्चेर्टो रचली, ती आजही जगभर वाजविली जाते.

आपल्या सनईशी ह्याचे नाते जोडण्याचा मोह सहज होतो. परंतु दोहोंची जात निराळी आहे. सनईला दोन पात्यांची जिव्हाळी असते, क्लॅरिओनेटला एकच पत्ती. सनईची नळी वरून खाली रुंदावत जाते. क्लॅरिओनेटची नळी बव्हंशी सरळ असून केवळ खालचे तोंड घंटेप्रमाणे पसरलेले असते. हा भेद केवळ डोळ्यांना दिसण्यापुरता नाही. सनईत त्याच बोटांनी फुंक वाढविली असता वरच्या सप्तकातील तोच स्वर उमटतो. क्लॅरिओनेटची सरळ नळी पत्तीच्या बाजूने बंद असल्यासारखी वागते, म्हणून तिच्यात षड्जाच्या जागेवरून उडी घेतली असता वरचा षड्ज मिळत नाही, तर त्याच्याही वरचा पंचम मिळतो. म्हणजे खालच्या स्वरांची बोटे वर तशीच चालत नाहीत. नवशिक्याला हे वाद्य दोनदा शिकावे लागते, असे जे म्हणतात त्याचे मर्म हे आहे. पण ह्याच गुणामुळे त्याला तीन सप्तकांहून अधिक विस्तार लाभला आहे. खाली गंभीर व गडद, वर स्वच्छ व तेजस्वी, असे दोन स्वभाव एकाच नळीत नांदतात.

चाव्यांची आजची प्रचलित मांडणी क्लोझे नावाच्या फ्रेंच वादकाने ब्यूफे ह्या कारागिराच्या साहाय्याने १८३९ ते १८४३ च्या दरम्यान सिद्ध केली. बासरीत सुधारणा करणाऱ्या ब्योम याच्या नावावरून तिला ‘ब्योम पद्धती’ म्हणतात. तिच्यापूर्वीची, कमी चाव्यांची साधी पद्धतीही टिकून राहिली आणि लष्करी बँडांबरोबर दूरदूरच्या देशांत पोहोचली. जुन्या पेटीतून निघणारे वाद्य बहुधा ह्या साध्या पद्धतीचे असते. शिकविणाऱ्याला ते आधी दाखवावे. कारण दोन्ही पद्धतींची बोटे पुष्कळ ठिकाणी भिन्न आहेत.

संस्थाने, छावण्या आणि अनाथ मुले

आपल्या भागात हे वाद्य आले ते छावण्यांच्या आणि दरबारांच्या वाटेने. धारपासून जवळच महूची मोठी लष्करी छावणी. इंग्रजी पलटणींचे बँड तेथे वाजत. ते पाहून हिंदी संस्थानिकांनीही नौबतखान्याच्या जोडीला आपापले बँड उभे केले. ह्या बँडांना शिकविणारे बँडमास्तर पुष्कळदा गोवेकर ख्रिस्ती असत. सोळाव्या शतकापासून गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि वाद्ये शिकविण्याची प्रथा होती. त्या शिक्षणाच्या बळावर गोव्याचे वादक मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत सर्वत्र पसरले. खेड्यातील एका शाळेत एका मास्तराने मुलाला सूर वाचावयास शिकविले, ह्या साध्या गोष्टीचे फळ किती दूरवर जाते, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

कलकत्त्यात शिकत असलेल्या एका तरुणाने अशाच एका गोवेकर बँडमास्तरापाशी, लोबो यांच्यापाशी, पाश्चात्त्य व्हायोलिनचे धडे घेतले. तो तरुण म्हणजे पुढे सरोदवादक म्हणून कीर्ती पावलेले उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. सनई, क्लॅरिओनेट आणि आणखी कितीतरी वाद्यांवर त्यांनी हात बसविला होता. १९१८ च्या सुमारास ते मैहर संस्थानात आले. त्याच वर्षीच्या इन्फ्लुएंझाच्या साथीने घरेच्या घरे ओस पडली होती आणि मुले पोरकी झाली होती. खाँसाहेबांनी अशा अनाथ मुलांना एकत्र करून त्यांचा वाद्यवृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांतून ‘नलतरंग’ नावाचे नवे वाद्य घडविले. माणसे मारणाऱ्या नळ्यांतून पोरक्या मुलांनी सूर काढावेत, ही घटना कोणाही भाविकाने मनात साठवून ठेवावी अशी आहे. मैहरचा तो वृंद पुढे नावारूपास आला.

मध्यंतरी ग्रामोफोनच्या काळात मास्टर इब्राहिम यांच्या क्लॅरिओनेटच्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर ऐकल्या जात. दक्षिणेत १९३१ साली जन्मलेले ए. के. सी. नटराजन यांनी कर्नाटक संगीतातील गमके ह्या परदेशी नळीतून सहजतेने काढून दाखविली. २०२२ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. क्लॅरिओनेटवर आपले राग वाजत नाहीत, मींड निघत नाही, असे म्हणणाऱ्यांना ह्यापेक्षा वेगळे उत्तर देण्याचे कारण नाही. पश्चिमेकडेही १९२४ साली न्यू यॉर्क येथे गर्शविनची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ प्रथम वाजली, तिचा आरंभच क्लॅरिओनेटच्या खालून वर घसरत जाणाऱ्या एका लांब मींडेने होतो. बोटे छिद्रांवरून हळूहळू सरकविली आणि जीभ व घसा यांची ठेवण बदलली की मींड निघते. दोष नळीत नसून सरावाच्या उणिवेत असतो.

शिकावे कसे

नऊ-दहा वर्षांच्या मुलाची बोटे बहुधा छिद्रे झाकण्याइतकी लांब झालेली असतात आणि पुढचे पक्के दातही आलेले असतात. तोच आरंभाचा योग्य काळ. मोठ्या माणसांनी मात्र ‘आता वय झाले’ म्हणून निराश होऊ नये. जोवर दात आणि दम शाबूत आहे तोवर हे वाद्य कोणालाही आपले म्हणते.

पहिले काही दिवस संपूर्ण वाद्य हाती न घेता, नुसते माउथपीस आणि त्याखालचा आखूड तुकडा जोडून स्वर काढावा. खालचा ओठ खालच्या दातांवर किंचित दुमडून घ्यावा, त्यावर पत्ती टेकवावी, वरचे दात माउथपीसवर अलगद ठेवावे आणि ओठांचे कोपरे दोरीने आवळलेल्या थैलीप्रमाणे घट्ट करावे. गाल फुगवू नयेत. फुंक छातीच्या वरच्या भागातून न घेता पोटाच्या आधाराने सोडावी. स्वर सुरू करताना जिभेचे टोक पत्तीला ‘तू’ म्हटल्याप्रमाणे स्पर्शून दूर व्हावे. हे साधले नाही तर वाद्य किंचाळते. त्या किंचाळीला मूलही घाबरते आणि शेजारीही वैतागतात; पण प्रत्येक थोर वादक त्यातूनच गेलेला आहे, हे आईने ध्यानी ठेवावे आणि शेजाऱ्यांना सांगावे.

पत्त्यांवर १ पासून ५ पर्यंत कठीणपणाचे आकडे असतात. नवशिक्याला दीड किंवा दोन आकड्याची पत्ती पुरे. कठीण पत्तीवर फुशारकीने वाजविणारा विद्यार्थी ओठ आणि उत्साह दोन्ही लवकर गमावून बसतो.

घरात हार्मोनियम असेल तर एक गोष्ट जाणून घेणे अगत्याचे आहे. बँडमधील नेहमीचे क्लॅरिओनेट ‘बी फ्लॅट’ जातीचे असते. त्याच्यावर स्वरलिपीतील ‘सी’ वाजविला असता कानाला हार्मोनियमची काळी पाच ऐकू येते. म्हणून पेटीवाल्याने पांढरी एक धरली आणि मुलाने पुस्तकातील ‘सी’ धरला, तर दोघेही बरोबर असून मेळ मात्र बसणार नाही. पेटीवाल्याने काळी पाच हा षड्ज धरावा, म्हणजे भांडण मिटेल.

कंठाजवळच्या मधल्या स्वरांवरून वरच्या भागात जाण्याची जागा सर्वांत अवघड. तेथे मोकळी असलेली जवळजवळ सगळी बोटे एकदम छिद्रांवर पडावी लागतात. एक बोट जरी तिरके पडले तरी स्वर फुटतो. ही जागा घाईने ओलांडू नये. रोज वीस मिनिटे, पण रोज. एका रविवारी तीन तास बसून सहा दिवसांची भरपाई होत नाही. त्या वीस मिनिटांपैकी निम्मा वेळ नुसते लांब, स्थिर स्वर धरण्यात घालवावा.

आणि गाणी कोणती वाजवावी? ह्याचे उत्तर देवासनेच दिले आहे. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने ग्रासलेले असताना माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून देवासला येऊन राहिले. कित्येक वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती. त्या सक्तीच्या मौनात त्यांनी माळव्यातील बायाबापड्यांची गाणी कान देऊन ऐकली, टिपून ठेवली, आणि पुढे त्यांतूनच आपल्या गायकीला नवे धन मिळवून दिले. फुप्फुसाची शक्ती घटलेली असताही श्वासाचा कण न् कण कसा वापरावा, हे त्यांच्या गाण्याने दाखविले. फुंकीचे वाद्य शिकणाऱ्याला यापरते दुसरे उदाहरण कोणते हवे? विद्यार्थ्याने पुस्तकातील धड्यांबरोबरच आजीच्या तोंडची मालवी गीते कानाने उचलून वाजवावी. श्वास कोठे घ्यावा हे ती गीते आपण होऊन शिकवितात.

माळव्याची हवा आणि वाद्याची निगा

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फोर्स्टर हे १९२१ साली देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते. त्या काळातील पत्रांचे त्यांचे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले. राजवाड्यात मोठ्या खर्चाने आणलेले दोन पियानो, हार्मोनियम असा वाद्यसंभार त्यांनी पाहिला. सर्व नवे, आणि सर्व निकामी! कोरड्या हवेने त्यांच्या चौकटी तडकल्या होत्या आणि पट्ट्या अडकून बसल्या होत्या. जी हवा कुमारांच्या फुप्फुसांना मानवली, तीच लाकडाला मारक ठरते. राजाच्या वाद्यांची ही गत, तर आपल्या कपाटातील क्लॅरिओनेटची काय कथा?

उत्तम क्लॅरिओनेट आफ्रिकेतील एका काळ्या, अत्यंत घट्ट लाकडाचे करतात. ते झाड आपल्या शिसवीच्याच कुळातले. असे लाकूड कणखर असले तरी एका बाजूने ओले आणि दुसऱ्या बाजूने सुके झाले की तडकते. वाजविताना आतून उष्ण, दमट श्वास जातो आणि बाहेर मे महिन्याची झळ किंवा पौषातील पहाटेचा गारठा असतो. त्या ओढाताणीत भेग पडते, आणि ती बहुधा वरच्या तुकड्याला पडते, कारण श्वासाची ऊब व ओल तेथे सर्वांत अधिक. म्हणून काही नियम कटाक्षाने पाळावे.

नवे किंवा पुष्कळ दिवस पडून राहिलेले लाकडी वाद्य पहिले दोन-तीन आठवडे दिवसाकाठी पंधरा मिनिटांहून अधिक वाजवू नये. थंडीत ते आधी हातांनी व अंगाशी धरून कोमट करावे, मग फुंकावे. वादन संपताच सांधे सोडवून, दोरी बांधलेले मऊ सुती फडके नळीतून ओढून आतील ओल टिपावी. ओले वाद्य पेटीत बंद करणे म्हणजे गाद्या कुजविणे आणि लाकूड फुगविणे होय. उन्हात, मोटारीत किंवा पत्र्याच्या छपराखाली पेटी ठेवू नये. उन्हाळ्यात पेटीच्या कोपऱ्यात छिद्रे पाडलेली लहान डबी ठेवून तीत ओलसर स्पंजचा तुकडा ठेवावा. संत्र्याच्या सालीचा तुकडा ठेवण्याचीही जुनी रीत आहे, मात्र तिला बुरशी येण्यापूर्वी ती बदलावी.

पावसाळ्यात उलटा प्रकार होतो. लाकूड फुगते, सांधे अडकतात, आणि चाव्यांखालच्या सुईसारख्या पोलादी कमानी गंजतात. सांध्यांवरील बुचाला अधूनमधून बुचासाठी मिळणारे वंगण लावावे. अडकलेला सांधा जोराने पिळू नये. एक-दोन दिवस कोरड्या जागी ठेवल्यावर तो बहुधा आपणच सुटतो. चाव्यांच्या बिजागऱ्यांना वर्षातून दोन-तीनदा सुईच्या टोकावरून तेलाचा एकेक थेंब पुरे. अधिक तेल गाद्यांवर उतरते आणि त्या चिकटतात. वाद्य जोडताना चाव्यांना धरून पिरगाळू नये. वरच्या तुकड्यावरील कडी दाबून धरली म्हणजे दोन तुकड्यांना जोडणारी चावी वर उचलली जाते आणि वाकत नाही. ही एक सवय लागली तरी दुरुस्तीचा निम्मा खर्च वाचतो.

पत्ती ही नळ जातीच्या एका बोरूची असते. उत्तम बोरू फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यालगत पिकतो. वाजविल्यावर पत्ती माउथपीसवर तशीच ठेवू नये. पुसून काचेच्या सपाट तुकड्यावर वाळू द्यावी. तीन-चार पत्त्या आळीपाळीने वापरल्या तर त्या अधिक काळ टिकतात. माउथपीस बहुधा एबोनाइटचे असते. ते कोमट पाण्याने धुवावे, कढत पाण्याने त्याचा रंग हिरवट होतो आणि आकारही बिघडतो. एकाचे माउथपीस दुसऱ्याने न धुता तोंडी लावू नये. बँडच्या वर्गात हा नियम शिक्षकाने स्वतः पाळावा.

लाकडाला भेग पडलीच तर घरी मेण किंवा लाख भरू नये. जाणता कारागीर आडव्या बारीक खिळ्या बसवून ती बंद करतो आणि वाद्य पुन्हा अनेक वर्षे वाजते. ज्यांना लाकडाची एवढी उस्तवार झेपणार नाही त्यांनी एबोनाइटचे किंवा प्लॅस्टिकचे वाद्य घ्यावे. त्यात कमीपणा नाही. माळव्याच्या हवेत विद्यार्थ्यासाठी तेच शहाणपणाचे.

मंदिरात आणि मिरवणुकीत

सणाच्या दिवशी क्लॅरिओनेट वाजवावे काय, असे काही जण विचारतात. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली दिलेल्या आदेशात चर्चमध्ये बँड वाजविण्यास मनाई केली होती. फुंकीच्या वाद्यांना महागुरूंच्या संमतीने विशेष प्रसंगीच मुभा होती. मंदिराबाहेरील मिरवणुकीत मात्र, ऐहिक गाणी वाजवावयाची नाहीत ह्या अटीवर, बँडला परवानगी देता येत असे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली दार अधिक उघडले: पवित्र उपासनेला साजतील अशी इतर वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने स्वीकारता येतील, असे ठरविले. तेव्हा प्रश्न वाद्याचा नाही, वाजविण्याच्या भावाचा आहे. खालच्या सप्तकातील क्लॅरिओनेटचा संथ स्वर प्रार्थनेला जितका साजतो, तितका फार थोड्या वाद्यांचा साजेल.

बँडवाल्याचा मान

आता त्या मूळ शंकेकडे वळू. पोरगा बँडवाला झाला तर? ह्या प्रश्नात वाद्याविषयी भीती नाही. माणसाविषयी तुच्छता आहे. वरातीपुढे वाजविणारे लोक बहुधा गरीब आणि समाजाने खाली लोटलेल्या घरांतले. लग्नसराई चार महिने, पोट बारा महिने. लाल पोशाख आणि सोनेरी झालर धन्याची. घाम ज्याचा त्याचा. वऱ्हाडाच्या पंगती उठल्यावर उरलेसुरले त्यांच्या पानावर पडते, आणि ते वाढणारे हात आपलेच असतात. आता तर मोठमोठे भोंगे लावलेल्या गाड्या वरातीपुढे येऊ लागल्या आहेत. त्यांना श्वास लागत नाही, भूक लागत नाही, आणि म्हणूनच त्या कोणाच्याही आनंदात सहभागी होऊ शकत नाहीत. पण त्या स्वस्त पडतात, आणि एकेक बँड मोडत चालला आहे. बँड मोडला की त्याबरोबर शिकविणाराही जातो. वाद्ये विकत मिळतील. मेरठमध्ये एकोणिसाव्या शतकापासून बँडची वाद्ये बनविण्याचा धंदा चालत आला आहे. पण पत्ती ओठांवर कशी धरावी हे सांगणारा माणूस पैसे देऊन घडवून मिळत नाही.

म्हणून आपल्या हातून होण्यासारख्या काही गोष्टी सुचवितो. लग्न ठरविताना बँड बोलवावा आणि ठरलेले पैसे वाजविणाऱ्याच्या हाती त्याच रात्री द्यावे. त्यांना पंगतीत इतर पाहुण्यांबरोबर बसवावे. गावात एखादा वृद्ध वादक उरला असेल तर त्याच्याकडे आठवड्यातून दोन दिवस मुलांना पाठवावे आणि त्यास ‘मास्तर’ म्हणावे. त्या एका शब्दाने त्याच्या आयुष्याची संध्याकाळ उजळेल. ज्या मुलाची ओढ खरी आहे त्याने पुढे जावे. आपल्याच राज्यात पचमढी येथे सैन्याची संगीतशिक्षणाची शाखा आहे, आणि सैन्याच्या बँडमधील वादकाला शिपायाचा मान असतो.

आणि कपाटातील ती पेटी? ती आज संध्याकाळी उघडावी. बुचे सुकली असतील, गाद्या खाल्ल्या गेल्या असतील, कदाचित एखादी भेगही दिसेल. तरी निराश होऊ नये. तज्ज्ञ हाताला ती दाखवावी, दुरुस्त करून घ्यावी, आणि घरात वाजविणारे कोणी नसेल तर शेजारच्या गरजू मुलाला द्यावी. बंद पेटीतले वाद्य माळव्याच्या हवेत दरवर्षी थोडेथोडे तडकत असते. रोज श्वास मिळणारे वाद्य मात्र, नीट निगा राखली तर, बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे जाते.